नव्याण्णव टक्के

सिंगापूरमध्ये कुठलीच गोष्ट कायमची मिळत नाही, आणि मिळते असं कुणी भासवतही नाही. एचडीबीचं सरकारी घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतं. गाडी घ्यायची तर आधी ती बाळगण्याचा परवाना विकत घ्यायचा, त्याला सीओई म्हणतात. १९९० पासूनची ही पद्धत आणि परवान्याची मुदत १० वर्षं. अकराव्या वर्षी ठणठणीत गाडीसुद्धा एक तर पुन्हा पैसे मोजून जगवायची, नाही तर मोडीत काढायची. आपण इथे ज्या पासवर राहतो त्यावरही तारीख छापलेली असते. अशा देशात चार वर्षं काढली की चिनी, मलय, तमिळ, सगळी माणसं मुदतींना सरावतात. मराठी माणूस सरावत नाही. तो मुदत कशी वाढवता येईल ते बघतो.

आमचे एक स्नेही वुडलँड्सला राहतात. मूळचे डोंबिवलीचे. नोकरी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या आयटी खात्यात, त्यामुळे रोज सकाळी बेटाच्या उत्तर टोकावरून निघून पूर्व टोकाला जायचं आणि संध्याकाळी उलट. डोंबिवली-व्हीटी केलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. बाकी गृहस्थ अतिशय सज्जन, पण यांच्या डोंबिवलीच्या घरातलं एक कपाट मी पाहिलं आहे. त्यात बँकांनी, विमा एजंटांनी आणि औषध कंपन्यांनी वर्षानुवर्षं दिलेल्या डायऱ्या रचून ठेवल्या आहेत. सगळ्या कोऱ्या. चांगली डायरी आहे, कशाला लिहून खराब करायची, हे त्यामागचं तत्त्वज्ञान.

या माणसाच्या लॅपटॉपमध्ये कुणी तरी एसएसडी बसवली. म्हणजे अशी वस्तू, जी लिहिल्यानंच झिजते.

हे झिजणं कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी शोकांतिका त्यावर उभी आहे. एसएसडीच्या आत फ्लॅश मेमरी असते. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधून काढली. आज घरोघरी असते तो नँड प्रकार १९८७ चा. यात माहिती साठवायची म्हणजे वीसेक व्होल्टचा दाब देऊन इलेक्ट्रॉन एका अतिपातळ थरापलीकडे ढकलायचे आणि पुसायची म्हणजे तितक्याच जोरानं परत ओढायचे. दर खेपेला तो थर थोडा थोडा खराब होतो. साध्या घरगुती डिस्कमधली पेशी अशा हजार ते तीन हजार खेपा सोसते. त्यात आणखी एक अडचण. लिहिता येतं लहान लहान पानांवर, पण पुसता येतो तो शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा. एचडीबीची एक योजना आहे, १९९५ पासूनची, सेर्स नावाची. तिच्यात जुनी इमारत पाडायची ठरली की एकट्या पाचव्या मजल्यावरच्या लिम कुटुंबाचं घर पाडता येत नाही. सगळ्या बिऱ्हाडांना नवीन इमारतीत हलवायचं आणि मग संपूर्ण ब्लॉक एकदम जमीनदोस्त करायचा. एसएसडीचं नेमकं तसंच चालतं. तुम्ही एका फाइलमधला एक काना बदलता आणि आत कंट्रोलर बिऱ्हाडं हलवत बसतो. म्हणून तुम्ही लिहिता त्यापेक्षा डिस्क स्वतः जास्त लिहिते.

कंपन्या प्रामाणिक आहेत. एकूण किती लिखाण झेपेल ते त्या माहितीपत्रकात सांगतात. सॅमसंगची १ टेराबाइटची ८७० इव्हो घेतली तर हमी ५ वर्षं किंवा ६०० टेराबाइट लिखाण, यातलं जे आधी संपेल ते. आमच्या स्नेह्यांनी तशीच एक घेतली होती. घेतल्यावर त्यांनी हमीपत्र वाचलं. हमीपत्र वाचणाऱ्या माणसांना या जगात सुख नाही.

मग त्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक जपानी प्रोग्रॅम उतरवून घेतला. डिस्कचं तापमान, चालू तास, आजवरचं एकूण लिखाण आणि टक्क्यांमध्ये प्रकृती, असं सगळं तो दाखवतो. प्रोग्रॅम फुकट आणि खरोखर उत्तम. त्याच्या एका आवृत्तीत मागे जपानी कार्टूनमधली एक मोठ्या डोळ्यांची मुलगी उभी असते आणि यांनी घाईघाईत नेमकी तीच उतरवली. रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठलेल्या वहिनींनी नवऱ्याला त्या मुलीकडे एकटक बघत बसलेलं पाहिलं. "अगं, मी आकडे बघतोय," हे त्यांचं उत्तर शंभर टक्के खरं होतं. नवऱ्यांची खरी उत्तरंच पटवायला अवघड असतात.

पुढचे काही महिने निळ्या चौकटीत "१०० टक्के" दिसत होतं. एका मंगळवारी तिथे ९९ आले.

त्यांनी मला ऑफिसातून फोन केला. आवाज असा, की मला आधी डोंबिवलीहून काही बातमी आली आहे असं वाटलं. "एक टक्का गेला हो," ते म्हणाले. मी म्हटलं, शेअर का? "शेअरचं काही नाही, तो परत वर येतो. हा येत नाही." संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. समाचाराला जातात तसा चहा झाला. वहिनी म्हणाल्या, "माझं बीपी किती आहे विचारा यांना. डिस्कचं टेंपरेचर तोंडपाठ आहे."

आकडेमोड मीच केली. त्यांची डिस्क दिवसाला सरासरी ४० जीबी लिहीत होती. ६०० टेराबाइट म्हणजे ६ लाख जीबी. भागिले ४०, म्हणजे १५ हजार दिवस. म्हणजे ४१ वर्षं. गृहस्थ ४८ चे आहेत. डिस्क त्यांच्या एकोणनव्वदाव्या वाढदिवसापर्यंत पुरणार होती, आणि तोवर सीओईच्या हिशेबानं चार गाड्या भंगारात गेल्या असत्या. हे ऐकून कुठलाही माणूस शांत झाला असता. ते म्हणाले, "पण हे ४० जीबी लिहितंय कोण? मी तर दिवसभरात दोन मेल लिहितो."

प्रश्न रास्त होता, हे कबूल करायला हवं. कारण अशी उदाहरणं घडली आहेत. २०१६ मध्ये स्पॉटिफायचं संगणकावरचं ॲप, गाणं वाजत असो वा नसो, डिस्कवर अक्षरशः शेकडो जीबी लिहीत सुटलं होतं. आपली एक लहानशी नोंदवही आवरायची म्हणून ते ती पुन्हा पुन्हा संपूर्ण नव्यानं लिहून काढत होतं. लोकांनी महिनोन्‌महिने ओरड केल्यावर नोव्हेंबरात दुरुस्ती आली. त्याच वर्षी आणखी एका गोष्टीवरून ओरड झाली. फायरफॉक्स ब्राउझर बंद पडला तर उघडे टॅब परत मिळावेत म्हणून दर १५ सेकंदांनी त्यांची नोंद डिस्कवर करतो. साठ टॅब उघडे ठेवून झोपणाऱ्यांच्या डिस्का रात्रभर जागत होत्या. आणि टेस्लाचं तर विचारूच नका. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांच्या मधल्या पडद्यामागे जेमतेम ८ जीबीची फ्लॅश मेमरी होती आणि गाडी तिच्यावर अखंड नोंदी लिहीत राहायची. काही वर्षांत मेमरी झिजली, पडदा काळा झाला, गाडी मागे घेतानाचा कॅमेरा गेला. २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. लाख डॉलरांची गाडी रोजनिशी लिहून लिहून आंधळी झाली.

तेव्हा तपास सुरू झाला. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर असतो. त्यात डिस्कचा भाग उघडून "राइट" या रकान्यावर टिचकी मारली की जास्त लिहिणारा वर येतो. खरं तर एवढंच पुरे असतं. पंधरा मिनिटं बघितलं की चोर सापडतो, आणि यांनाही सापडला. ब्राउझर. चिरंजीव खोलीत बसून अभ्यासाचे म्हणून जे व्हिडिओ बघत होते, त्यांचे तुकडे ब्राउझर डिस्कवरच्या कॅशमध्ये टाकत होता. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाला दोन-तीन जीबी सहज होतो, आणि चिरंजीव अतिशय अभ्यासू आहेत.

आता ही कॅश मुळात कशासाठी? एकदा आणलेलं चित्र पुन्हा आणायला लागू नये म्हणून. फोनच्या तारेतून चिर्रर्र आवाज करत इंटरनेट येत होतं त्या काळात ती मोठी सोय होती. इथे घरोघरी १ गिगाबिटची फायबर आहे, आणि ती कमी पडते की काय म्हणून सरकारनं २०२४ मध्ये १० गिगाबिटसाठी १० कोटी सिंगापूर डॉलरपर्यंत खर्च करायचं जाहीर केलं. नळाला चोवीस तास पाणी आलं तरी काही घरांत पिंपं भरून ठेवतातच. असो. पुन्हा कधीही न बघितला जाणारा व्हिडिओ जपून ठेवण्यासाठी डिस्क झिजत होती, ही गोष्ट आमच्या स्नेह्यांना फार लागली. कोऱ्या डायऱ्या जपणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या नकळत कुणी तरी पानंच्या पानं भरत होतं, आणि तीही कचऱ्यानं.

इथून पुढे उपचार सुरू झाले.

पहिला उपचार असा, की त्यांनी विंडोजमधलं "राइट कॅशिंग" बंद केलं. नावात कॅश दिसली, केली बंद. खरं म्हणजे ही कॅश उलट स्वभावाची. ती बारीकसारीक लिखाण रॅममध्ये गोळा करते आणि मग एकगठ्ठा डिस्ककडे देते, म्हणजे डिस्कचे कष्ट वाचवते. दोन सख्ख्या जावांपैकी कामसू होती तिलाच घराबाहेर काढलं. लॅपटॉप मंद झाला. मंद झाला म्हणजे कमी लिहीत असणार, असा यांनी समाधानाचा अर्थ काढला.

दुसरा उपचार रॅम डिस्कचा. १६ जीबी रॅममधली ८ जीबी बाजूला काढायची, तिला डिस्क म्हणायचं आणि ब्राउझरची कॅश तिथे हलवायची. कल्पना चांगली आहे. रॅम लिहिल्यानं झिजत नाही. पण उरलेल्या ८ जीबीत बँकेचं काम, चिरंजीवांचे व्हिडिओ आणि वहिनींच्या मराठी मंडळाच्या गणपतीचे हिशेब, हे सगळं मावेना. रॅम अपुरी पडली की विंडोज काय करतं? रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये उतरवतं. म्हणजे कॅश डिस्कवरून रॅममध्ये गेली आणि तिच्या धक्क्यानं रॅममधलं सगळं डिस्कवर आलं. त्या आठवड्यात सरासरी ४० वरून ५५ वर गेली.

मग पेजफाइलच बंद. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी वर्गणीच्या यादीत वहिनी नावं भरत असताना स्क्रीनवर "मेमरी अपुरी" अशी पाटी आली आणि एक्सेल निघून गेलं, सोबत भोंडल्याच्या खिरापतीपासून अथर्वशीर्षाच्या वर्गापर्यंत सगळं घेऊन. त्यानंतर घरात जे वातावरण होतं त्याला इंग्रजीत कोल्ड स्टोरेज म्हणतात, आणि ते इथल्या एका सुपरमार्केटचंही नाव आहे.

तिसरा उपचार मला मनापासून आवडला. त्यांनी माळ्यावरून जुनी फिरती हार्ड डिस्क काढली, यूएसबीच्या डबीत घातली आणि कॅश तिच्यावर लावली. डिस्कच्या पाठीवर "सिंगापूर" छापलेलं. सीगेट १९८२ मध्ये इथे आली आणि त्या दशकात हे एवढंसं बेट जगाला हार्ड डिस्क पुरवत होतं. सीगेटनं अँग मो किओचा कारखाना बंद करायचं २००९ मध्ये जाहीर केलं. म्हणजे डोंबिवलीत विकत घेतलेली सिंगापूरची डिस्क सामानातून सिंगापूरला माहेरी आली आणि उतारवयात तिच्यावर यूट्यूब वाहण्याची वेळ आली. ती कुरकुरायची. खट्-खट् करायची. दर व्हिडिओ आधी अडखळून मग सुरू व्हायचा. चिरंजीवांनी तीन दिवसांत स्वतःच्या फोनवर अभ्यास सुरू केला आणि लॅपटॉपवरचं लिखाण एकदम निम्म्यावर आलं. सगळ्या उपचारांत लागू पडलेला हा एकच, पण त्याचं श्रेय डिस्कला द्यायचं की मुलाला, यावर घरात मतभेद आहेत.

या काळात आम्ही एका शनिवारी सिम लिम स्क्वेअरला गेलो. रोचोरजवळची ही सहा मजली इमारत १९८७ पासून संगणकवाल्यांची पंढरी आहे. आता बरीच दुकानं ओस पडली आहेत. वरच्या मजल्यावर एका म्हाताऱ्या चिनी अंकलकडे आमच्या स्नेह्यांनी कैफियत मांडली. किती टेराबाइट झाले, रोज किती, कॅश कुठे हलवली, सगळं. अंकल कोपी पीत शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आया, यू थिंक टू मच लाह. यूज ओन्ली. स्पॉइल देन चेंज." माझ्या मते या विषयावरचं इतकं पूर्ण भाषण मी दुसरं ऐकलेलं नाही. आमच्या स्नेह्यांना मात्र त्यात विक्रेत्याचा स्वार्थ दिसला. परतताना कोमला विलासला डोसा खाताना ते म्हणाले, "याला काय, बदला म्हणायला. भाव बघितलेत का?"

भावांबद्दल त्यांचं चुकत नव्हतं. एआयच्या भुकेनं मेमरी खाऊन टाकली आहे आणि किमती चढल्या आहेत. गंमत अशी की अशा डिस्कांत लागणाऱ्या नँड चिपा मायक्रॉन कंपनी वुडलँड्समध्येच बनवते. यांच्या बसला तो कारखाना लागतो. पण डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशल हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं, कारण डेटा सेंटरवाले गिऱ्हाईक मोठं. घरासमोर विहीर आणि पाणी सगळं कारखान्याला, हा प्रकार आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगायला नको.

आता या कथेतला मला सर्वांत प्रिय भाग. उपचार करूनही आकडा हवा तितका उतरेना, तेव्हा त्यांनी प्रोसेस मॉनिटर नावाचं आणखी कडक हत्यार आणलं. कुठल्या प्रोग्रॅमनं कुठल्या क्षणी कुठल्या फाइलला हात लावला, याची तो नोंद ठेवतो. सेकंदाला हजारो ओळी. दोन-पाच मिनिटं चालवून बंद करायची ही चीज. यांनी ती रात्रभर चालू ठेवली आणि नोंदी फाइलमध्ये साठवायला सांगितल्या. सकाळी उठून बघतात तर रात्रभरात सगळ्यात जास्त लिखाण केलं होतं ते प्रोसेस मॉनिटरनं. चोरावर पाळत ठेवायला बसवलेला हवालदार रात्रभर पंचनामा लिहीत होता, आणि डिस्क ९८ वर आली.

त्या दिवशी समाचाराला मी गेलो नाही. वहिनी मात्र बोलल्या. "हे बघा, ही डिस्क मरेल तेव्हा मरेल. तुम्ही तिच्या आधी ऑफिसला जा."

आणि मरण्याचं म्हणाल तर ऐका. लिहून लिहून झिजून मेलेली घरगुती एसएसडी मी अजून पाहिलेली नाही. त्या जातात त्या कंट्रोलर बिघडून, वीज अवेळी जाऊन, किंवा आतल्या सॉफ्टवेअरमधल्या एखाद्या चुकीनं. २०१९ च्या नोव्हेंबरात एचपीई या कंपनीनं आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल ग्राहकांना तातडीचा इशारा दिला. या डिस्का बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडत होत्या; म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. बंद पडल्या की माहितीही परत मिळत नव्हती. एकदम विकत घेतलेल्या डिस्का एकदम जाणार, कारण सगळ्यांचा जन्म एकाच दिवशीचा. ३२,७६८ हा आकडा संगणकवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे: सोळा बिटांच्या खणात अधिक-उणे चिन्हाचीही सोय ठेवली तर ३२,७६७ पर्यंतच मोजता येतं. त्या डिस्कांमध्ये झीज नव्हती, कॅश नव्हती, कुणाचे चिरंजीव नव्हते. तास मोजणारा आकडाच खणात मावेनासा झाला असणार. मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीला ४०,००० तासांवर मरणाऱ्या दुसऱ्या डिस्कांसाठी पुन्हा असाच इशारा द्यावा लागला.

मी हे स्नेह्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. चूक केली असं म्हणत नाही, पण आता ते चालू तासही मोजतात.

तुमच्याकडे एसएसडी असेल तर सहा महिन्यांतून एकदा एकूण लिखाणाचा आकडा बघा. दिवसाला शंभर-दोनशे जीबीच्या वर गेला असेल तर रिसोर्स मॉनिटर पंधरा मिनिटं उघडा, वेड लागलेला प्रोग्रॅम शोधा, अपडेट करा किंवा काढून टाका. नसेल गेला तर खिडकी बंद करा आणि तेवढ्या वेळात फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. आमच्या स्नेह्यांनी ती अजून घेतलेली नाही. त्यानं दुसऱ्या डिस्कवर लिखाण होतं, असं त्यांचं म्हणणं आहे.